वाचकांचे प्रश्न : उद्योगाचे प्रसिद्धिपत्रक

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. आपल्या व्यवसायातील घडामोड वर्तमानपत्रांपर्यंत कशी पोहोचवावी, असे इंदूर आणि पीथमपूर भागातील मराठी उद्योजकांनी विचारले आहे. म्हणून हा संपूर्ण अंक त्यांच्यासाठी राखला आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची व संस्थांची नावे वगळली असून राहण्याचा भाग आणि व्यवसाय तेवढा दिला आहे.

प्रश्न : आमचा मसाल्यांचा कौटुंबिक व्यवसाय आहे. सांवेर रोड औद्योगिक क्षेत्रात आम्ही नवा कारखाना सुरू केला आणि त्याचे दोन पानी प्रसिद्धिपत्रक शहरातील सर्व प्रमुख दैनिकांना पाठविले. एका दैनिकात दोन ओळी आल्या, बाकी कोठेही काही आले नाही. पत्रक सोबत जोडले आहे. त्यात काय उणे राहिले, हे कृपया सांगावे. (मसाले व्यावसायिक, रामबाग)

उत्तर : आपल्या पत्रकाचे पहिले वाक्य असे आहे : ‘अत्यंत आनंदाने कळविण्यात येते की, गुणवत्ता आणि विश्वास यांची परंपरा जपणाऱ्या व असंख्य ग्राहकांच्या मनात मानाचे स्थान मिळविलेल्या आमच्या संस्थेच्या अत्याधुनिक मसाला प्रकल्पाचा भव्य शुभारंभ देवी अहिल्याबाईंच्या पावन नगरीत मान्यवरांच्या शुभहस्ते नुकताच मोठ्या थाटात संपन्न झाला.’ या वाक्यामागचा आनंद खरा आहे, यात शंका नाही. परंतु ज्या वाचकाला आपली संस्था ठाऊक नाही, त्याला हे वाक्य संपेपर्यंत एकही नवी गोष्ट कळत नाही. कारखाना कोठे आहे, कोणत्या दिवशी सुरू झाला, त्यात काय तयार होणार आणि शहराला त्याचे काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. पुढचे दोन परिच्छेद उपस्थित पाहुण्यांची नावे, सत्कार आणि दीपप्रज्वलन यांना दिलेले आहेत. चौथ्या परिच्छेदाच्या अगदी शेवटी, जेथपर्यंत उपसंपादक बहुधा पोहोचलाच नसेल, आपण लिहिले आहे की, या कारखान्यासाठी खरगोन जिल्ह्यातील ६५ शेतकऱ्यांकडून लाल मिरची थेट विकत घेतली जाणार असून तिचे पैसे सात दिवसांच्या आत त्यांच्या खात्यात जमा होणार आहेत.

आपल्याकडची बातमी ती होती, आणि ती आपण स्वतःच सर्वांत खाली ठेवली.

खरगोन जिल्हा ज्यात येतो त्या निमाडातील मिरची, बेडियाची मिरची मंडी आणि तेथील भावांची चढउतार हा इंदूरच्या व्यापारी पानाचा नेहमीचा विषय आहे. आपला कारखाना त्या व्यवहारात एक नवी वाट काढत असेल, तर ते शेतकऱ्याने वाचावे, सियागंजातल्या किराणा व्यापाऱ्याने वाचावे आणि घरी मसाला विकत आणणाऱ्या गृहिणीनेही वाचावे असे आहे. प्रसिद्धिपत्रक लिहायला बसण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे की, आपल्याला न ओळखणारा आणि आपल्याशी काही देणेघेणे नसलेला या शहरातला माणूस यातील कोणत्या ओळीवर थांबेल. ती ओळ पत्रकाची पहिली ओळ असते. अशी ओळ सापडत नसेल, तर ती घडामोड आपल्या नातेवाइकांना आणि ग्राहकांना निमंत्रणपत्रिकेने कळविणे योग्य. वर्तमानपत्राकडे तिच्यासाठी जागा मागू नये.

आपल्या पत्राच्याच आधारे आरंभ पुन्हा लिहून दाखवितो :

‘मिरची थेट शेतकऱ्यांकडून घेणारा मसाला कारखाना सांवेर रोडवर सुरू. इंदूर, (तारीख) : खरगोन जिल्ह्यातील ६५ मिरची उत्पादकांकडून थेट खरेदी करून तिखट तयार करणारा कारखाना सांवेर रोड औद्योगिक क्षेत्रात सोमवारी सुरू झाला. शेतकऱ्यांना मालाचे पैसे सात दिवसांच्या आत बँक खात्यात दिले जातील, असे (संस्थेचे नाव) या कारखान्याच्या संचालकांनी सांगितले. कारखान्याची क्षमता दररोज दोन टन असून तेथे ४० जणांना काम मिळाले आहे.’

कोण, काय, केव्हा, कोठे, का आणि कसे या सहा प्रश्नांपैकी बहुतेकांची उत्तरे पहिल्या तीन वाक्यांत आली आहेत. त्यापुढे उतरत्या महत्त्वाने तपशील द्यावा : शेतकऱ्यांची निवड कशी झाली, भाव कसा ठरतो, देठ काढणे व वाळवणे कोणी करावयाचे, माल नाकारला गेल्यास काय. हा क्रम केवळ पद्धत म्हणून पाळायचा नसतो. पानावर जागा कमी पडली की बातमी खालून कापली जाते, आणि घाईच्या वेळी कापणाऱ्याला ती पुन्हा जुळवीत बसण्यास सवड नसते. उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले हे शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एका वाक्यात यावे. पाहुण्यांचा मान राखायचा तो समारंभात राखला गेला आहे. पत्रकात त्यांच्या नावांची रांग लावल्याने त्यांचाही काही लाभ होत नाही.

आता संचालकांच्या उद्गारांविषयी. आपण लिहिले आहे : ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे.’ हे वाक्य कोणत्याही व्यवसायाच्या मालकाच्या तोंडी घालता येते, आणि म्हणूनच ते कोणी छापत नाही. उद्गार असा असावा की जो त्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाला उच्चारता येणार नाही. आपल्या पत्रात आपण सहज लिहून गेला आहात की, पूर्वी दळलेली पूड बाहेरून घेत असताना तिचा रंग मिरचीचाच आहे की वरून घातलेला, याची खात्री पटत नसे, म्हणून अख्खी मिरची घेऊन स्वतः दळण्याचे ठरविले. तेच अवतरणचिन्हांत घाला. त्यात अनुभव आहे, कारण आहे, आणि तिखटातील भेसळ हा प्रत्येक घराच्या जिव्हाळ्याचा विषय असल्याने बातमीदार त्यावर पुढचा प्रश्न विचारील.

पुढचा प्रश्न विचारला जाणार, हे गृहीत धरूनच पत्रक लिहावे, असा माझा आग्रह आहे. आपल्या बाबतीत पहिला प्रश्न बहुधा मंडीबद्दल येईल : खरेदी मंडीच्या आवारात होणार की बाहेर, त्यासाठी कोणता परवाना घेतला आहे आणि मंडी शुल्क कोण भरणार. दुसरा प्रश्न शेतकऱ्यांशी केलेल्या कराराच्या प्रतीबद्दल, आणि तिसरा दोन-तीन शेतकऱ्यांशी बोलू द्याल का, असा असेल. या तिन्हींची उत्तरे व कागद तयार असल्याशिवाय पत्रक पाठवू नये. पत्रकातील प्रत्येक आकडा कोणत्या नोंदीवरून घेतला, हे आपल्या प्रतीच्या समासात लिहून ठेवावे. ४० जणांना काम मिळाले असे लिहिताना ते ४० कायम कामगार आहेत, हंगामी आहेत की त्यांत जुन्या कारखान्यातून आलेलेही मोजले आहेत, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे.

आपल्या पत्रकातील तीन शब्दप्रयोग मात्र आजच काढून टाकावेत. ‘मध्य भारतातील पहिला’ असे म्हणण्यासाठी मध्य भारतातील सर्व कारखान्यांची पाहणी केलेली असावी लागते; ती नसेल तर ‘पहिला’ हा शब्द कोणीही एका फोनवर खोटा ठरवू शकतो. ‘आयएसओने प्रमाणित’ हेही बरोबर नाही. आयएसओ ही आंतरराष्ट्रीय संस्था मानके तयार करते, प्रमाणपत्रे देत नाही; ती देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात, म्हणून मानकाचा क्रमांक आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव लिहावे. तिसरा प्रयोग ‘शंभर टक्के शुद्ध व नैसर्गिक’ हा. अन्नपदार्थांच्या जाहिराती व दावे यांसंबंधी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली केलेल्या विनियमांनी ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘ताजे’ यांसारख्या शब्दांच्या वापरावर अटी घातल्या आहेत. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीची व्याख्या बरीच व्यापक असून तिच्यात सूचनापत्रे, परिपत्रके आणि वेष्टनेही येतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. कागदाच्या माथ्यावर ‘प्रसिद्धिपत्रक’ असे लिहिले म्हणून त्यातील दावा कायद्याच्या कक्षेबाहेर जातो, असे कोणी समजू नये.

पत्रकाच्या अखेरीस संस्थेविषयी चार ओळींचा एक स्वतंत्र परिच्छेद द्यावा : स्थापनेचे वर्ष, काय तयार करता, कोठे विकता. त्याखाली माहिती देऊ शकेल अशा एका व्यक्तीचे नाव, हुद्दा आणि भ्रमणध्वनी क्रमांक असावा, आणि तो फोन त्या दिवशी संध्याकाळी उचलला गेलाच पाहिजे. हे सारे एका पानात, फार तर चारशे शब्दांत बसते.

प्रश्न : आमच्या शिकवणी वर्गाचे पत्रक एका वर्तमानपत्राला दिल्यावर तेथील जाहिरात विभागातून फोन आला आणि ‘आधी जाहिरात द्या, मग बातमी लावू’ असे सांगण्यात आले. हे रीतीला धरून आहे काय? (शिक्षणसंस्थाचालक, सुदामानगर)

उत्तर : नाही. पैसे घेऊन छापलेला मजकूर जाहिरात आहे हे वाचकाला स्पष्ट दिसले पाहिजे, असे भारतीय वृत्तपत्र परिषदेचे निकष सांगतात, आणि पैसे घेऊन बातमी म्हणून मजकूर छापण्याच्या प्रकारावर परिषदेने सविस्तर चौकशी करून २०१० साली अहवालही दिला होता. १९७८ च्या कायद्याने चालणाऱ्या या परिषदेला दंड करण्याचा अधिकार नाही. ती तक्रार ऐकून समज देऊ शकते किंवा नापसंती नोंदवू शकते. आपण तक्रार करावी की नाही, हे आपण ठरवावे. मी एवढे निश्चित सांगेन की, बातमीच्या वेषातील जाहिरात विकत घेऊ नये. जाहिरात द्यायचीच असेल तर ती जाहिरात म्हणून द्यावी. ‘इम्पॅक्ट फीचर’ किंवा तत्सम शीर्षकाखाली छापला जाणारा सशुल्क मजकूरही आपल्या विद्यार्थ्यांना व पालकांना सांगताना ‘आमची बातमी आली’ असा दाखवू नये. पत्रक थेट संपादकीय विभागाकडे, शिक्षणविषयक बातम्या पाहणाऱ्या बातमीदाराच्या नावाने पाठवावे. ते न छापण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि या अधिकारामुळेच छापून आलेल्या बातमीला किंमत असते.

प्रश्न : पीथमपूर येथे माझा वाहनांचे सुटे भाग करण्याचा लहान कारखाना आहे. एका मोठ्या, शेअर बाजारात नोंदलेल्या वाहन कंपनीकडून आम्हांला तीन वर्षांचे काम मिळाले आहे. आमच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. पत्रक काढू का? (लघुउद्योजक, लोकमान्यनगर)

उत्तर : अभिनंदन. परंतु पत्रक काढण्यापूर्वी खरेदीआदेशासोबतचा करार काढून त्यातील गोपनीयतेचे कलम वाचावे. अशा करारांत बहुधा असे लिहिलेले असते की, खरेदीदाराचे नाव, बोधचिन्ह, कामाची रक्कम किंवा भागाचा तपशील त्याच्या लेखी परवानगीवाचून प्रसिद्ध करता येणार नाही. परवानगी तोंडी घेऊ नये. ज्या अधिकाऱ्याने कौतुकाने ‘हो, करा’ म्हटले, त्याला तो अधिकार असेलच असे नाही. पत्रकाचा अंतिम मसुदा ई-मेलने पाठवून त्यावरच मान्यता मागावी.

येथे दुसरीही एक बाजू आहे. बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना महत्त्वाच्या घडामोडी शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या सूचीकरणविषयक विनियमांनुसार आधी शेअर बाजाराला कळवाव्या लागतात. भावावर परिणाम करू शकेल अशी अप्रकाशित माहिती बाहेर जाऊ न देण्याचे बंधन त्याच वर्षीच्या, आतल्या माहितीवरील व्यवहारांना मनाई करणाऱ्या विनियमांनी घातले आहे. आपले काम त्या कंपनीच्या मानाने लहान असेल आणि हा प्रश्न उद्भवणारही नाही. पण आपण जो भाग करणार आहात तो अजून बाजारात न आलेल्या एखाद्या वाहनासाठी असेल, तर आपल्या दोन ओळींतून त्या कंपनीची योजना उघडी पडते. परवानगी न मिळाल्यास नाव न घेता ‘एका वाहन उत्पादक कंपनीकडून’ असे लिहून नव्या यंत्रांविषयी, नव्या रोजगाराविषयी आणि प्रशिक्षणाविषयी पत्रक काढता येईल. पीथमपुरात आयटीआय झालेल्या किती मुलांना आपण घेणार आहात, ही माहिती स्थानिक वाचकाला त्या कंपनीच्या नावापेक्षा अधिक उपयोगाची आहे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी महेश्वरच्या विणकरांकडून साड्या विणून घेऊन इंदुरात विकते. दुकानाचे दुसरे दालन उघडत आहे. पत्रकात महेश्वरी साडीचा इतिहास, अहिल्याबाईंचे योगदान आणि साड्यांची वैशिष्ट्ये असे सर्व लिहिले आहे. तरी ते परिणामकारक वाटत नाही. (वस्त्रव्यावसायिक, तिलकनगर)

उत्तर : ताई, आपला मसुदा वाचताना आनंद झाला; किल्ल्याच्या भिंतीवरील नक्षी साडीच्या काठावर कशी उतरली, याचे वर्णन सुरेख आहे. पण तो लेख झाला आहे आणि त्याची जागा पुरवणीत आहे. बातमी लिहिणाऱ्याला महेश्वरी साडीचा इतिहास ठाऊक असतो किंवा तो सहज मिळविता येतो. त्याला ठाऊक नसते ते आपले काम. किती विणकर कुटुंबे आपल्यासाठी विणतात, एका साडीला किती दिवस लागतात, त्यातून विणकराच्या हाती काय पडते, वर्षाचे बाराही महिने काम मिळते की सणासुदीपुरते, हे आपण आणि ते विणकरच सांगू शकतात. मजुरीचा आकडा जाहीर करण्यास आपण तयार असाल, तर दुसऱ्या कशाचीही गरज पडणार नाही. तयार नसाल, तर ‘विणकरांच्या सक्षमीकरणासाठी’ हे शब्दही पत्रकातून काढावेत, कारण आकड्याशिवाय ते कोणालाही वापरता येतात.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. महेश्वरी आणि चंदेरी या दोन्ही वस्त्रांची नोंद भौगोलिक निर्देशांक (जीआय) म्हणून, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या मालाचे नाव म्हणून, झालेली आहे. १९९९ च्या कायद्यानुसार, जो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला, अशा नावाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते. ‘जीआय प्रमाणित दालन’ असे लिहू नका. नोंद वस्तूची होते, दुकानाची नाही. माल हातमागावर विणलेला असल्याची खूण म्हणून दिल्या जाणाऱ्या हातमाग चिन्हाचेही तसेच आहे. २००६ पासून दिले जाणारे हे चिन्ह ज्या साड्यांवर आहे त्यांच्याच बाबतीत तसा उल्लेख करावा, आणि आपल्या दालनात यंत्रमागावरचा मालही असेल तर ते लपवू नये. बातमीदार दालनात येईल तेव्हा तो घड्या उलगडून पाहणारच आहे.

प्रश्न : पत्रक मराठीत पाठवावे की हिंदीत? (उपाहारगृह चालक, विजयनगर)

उत्तर : ज्या वर्तमानपत्राला पाठवायचे त्याच्या भाषेत. इंदुरातील दैनिके प्रामुख्याने हिंदी आहेत, म्हणून हिंदी मसुदा आधी तयार करावा. मराठी मसुदा आपल्या समाजाच्या मासिकांसाठी व मंडळांच्या पत्रिकांसाठी स्वतंत्रपणे लिहावा, आणि त्यात मराठी वाचकाला विशेष वाटेल ती गोष्ट पुढे आणावी. एका मसुद्यावरून दुसरा ओळीला ओळ लावून करू नये. हिंदीबद्दल संकोच बाळगण्याचे तर काहीच कारण नाही. १९४७ साली याच शहरात सुरू झालेल्या ‘नईदुनिया’चे दीर्घकाळ संपादक राहिलेले राहुल बारपुते मराठी घरातले होते, आणि त्यांच्या काळात या दैनिकाची भाषा हिंदी पत्रकारितेत आदर्श मानली गेली. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करून ई-मेलच्या मुख्य भागातच द्यावा. जुन्या टंकांतील मजकूर दुसऱ्या संगणकावर अक्षरांचा गोंधळ होऊन उघडतो, आणि पत्रकाचे छायाचित्र काढून पाठविले तर उपसंपादकाला सारे पुन्हा टंकावे लागते. तितका वेळ तो देणार नाही.

प्रश्न : आम्ही घरगुती पद्धतीचे तयार खाद्यपदार्थ करतो. मागील महिन्यात चकलीच्या एका खेपेला खवट वास येत असल्याच्या तक्रारी आल्या. माल परत मागवावा असे आम्हां बहिणींना वाटते. पण पत्रक काढले तर स्वतःच्या हाताने बदनामी ओढवून घेतल्यासारखे होईल, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. (खाद्यपदार्थ उत्पादक, उषानगर)

उत्तर : वडीलधाऱ्यांची काळजी समजण्यासारखी आहे, तरी या बाबतीत आपल्या दोघींचे मत योग्य आहे. आणि त्यात आधी करावयाचे काम पत्रकाचे नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या २८ व्या कलमानुसार, आपला पदार्थ कायद्यातील अटींशी जुळत नाही असे मानण्यास कारण असेल, तर तो बाजारातून परत घेण्याची आणि अधिकाऱ्यांना तसे कळविण्याची जबाबदारी व्यावसायिकाची असते. त्याची पद्धत २०१७ च्या विनियमांत दिली आहे. म्हणून आपल्या भागातील अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांशी आणि जाणकार सल्लागाराशी आजच बोलावे, आणि दुकानदारांना त्या खेपेची विक्री थांबविण्यास लगेच सांगावे.

त्यानंतर पत्रक. अडचणीच्या वेळी उद्योगाने स्वतः पुढे येऊन माहिती द्यावी, या प्रथेला शतकाहून अधिक काळ झाला आहे. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटी येथे रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात पडून पन्नासहून अधिक माणसे दगावली. तेव्हा रेल्वे कंपन्यांची रीत अपघाताची माहिती दडविण्याची होती. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे सल्लागार आयव्ही ली यांनी मात्र कंपनीला लेखी निवेदन काढावयास लावले आणि बातमीदारांना घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते निवेदन जसेच्या तसे छापले. आधुनिक प्रसिद्धिपत्रकाचा आरंभ सामान्यतः या घटनेपासून मानला जातो. म्हणजे आज आपण ज्याला उद्घाटनाच्या आणि पुरस्कारांच्या बातम्यांचे साधन समजतो, त्याचा उगम एका दुर्घटनेची खरी हकिकत सांगण्यात आहे, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आपले पत्रक अगदी लहान असावे. पहिल्या वाक्यात पदार्थाचे नाव, वजन, खेपेचा क्रमांक आणि वेष्टनावरील उत्पादनाची तारीख द्यावी, म्हणजे डबा हातात घेऊन कोणालाही ताडून पाहता येईल. दुसऱ्या वाक्यात ‘ही पाकिटे खाऊ नयेत’ असे स्पष्ट सांगावे. तिसऱ्यात पाकीट कोठे परत करावयाचे, पैसे कसे मिळतील आणि पावती नसेल तर काय करावे हे लिहावे. नंतर कारण : तेलाची एक टाकी खराब निघाली असे आपण तपासून निश्चित केले असेल तर तसे, आणि तपासणी चालू असेल तर ती चालू असल्याचे व निष्कर्ष कधी कळविणार याचे. पुरवठादारावर दोष ढकलू नये. ग्राहकाने पदार्थ आपल्या नावावर विश्वास ठेवून घेतला आहे. कोणी आजारी पडल्याचे कळले असेल, तर ते सर्वांच्या आधी आले पाहिजे. ‘काही समाजकंटकांनी पसरविलेल्या अफवा’, ‘आमच्या नावलौकिकाला धक्का पोहोचविण्याचा प्रयत्न’ अशी भाषा आपल्या मसुद्यात दोनदा आली आहे. तक्रार करणाऱ्या ग्राहकांचा त्याने अपमान होतो, ती वाक्ये काढावीत. क्षमायाचना एका वाक्यात, कोणतीही अट न घालता करावी. आपल्या संस्थेची परंपरा आणि नव्या पदार्थांची यादी या पत्रकात नसावी. बातमीदाराचा फोन दोघींपैकी एकीनेच घ्यावा, म्हणजे माहितीत तफावत पडणार नाही.

प्रश्न : पत्रक कोणत्या वेळी पाठवावे, छायाचित्र कसे द्यावे आणि पाठविल्यावर किती वेळा विचारणा करावी? (संगणक व्यावसायिक, स्नेहलतागंज)

उत्तर : दुपारी बारापर्यंत पाठवावे. शहराच्या पानांवर काय जाणार, याचा विचार दुपारनंतर सुरू होतो आणि रात्री उशिरा आलेल्या व्यावसायिक पत्रकाकडे पाहण्यास कोणाला सवड नसते. कार्यक्रमाची पूर्वसूचना दोन-तीन दिवस आधी द्यावी. काही माहिती ठरावीक वेळेपूर्वी छापायची नसेल, तर ती वेळ पत्रकाच्या माथ्यावर ठळकपणे लिहावी आणि ती पाळण्यास बातमीदाराची मान्यता मिळाल्यावरच मजकूर पाठवावा. न विचारता पाठविलेल्या मजकुरावर घातलेले असे बंधन पाळण्यास कोणी बांधलेला नसतो. विषयाच्या ओळीत ‘प्रेस विज्ञप्ति’ एवढेच न लिहिता मथळा लिहावा.

छायाचित्र एकच, फार तर दोन. पंधरा सेंटिमीटर रुंद छापायचे असेल तर प्रतिइंच ३०० बिंदूंच्या हिशेबाने त्याची रुंदी सुमारे १८०० पिक्सेल असावी लागते. व्हॉट्सॲपवर साध्या रीतीने पाठविलेले छायाचित्र आक्रसून जाते, म्हणून ते दस्तऐवज म्हणून किंवा ई-मेलला जोडून पाठवावे. फीत कापणाऱ्या रांगेपेक्षा काम चाललेले दिसेल असे छायाचित्र निवडावे. ओळीत उभी असलेली माणसे असतील तर डावीकडून क्रमाने पूर्ण नावे द्यावीत, आणि त्या व्यक्तींना छायाचित्र प्रसिद्ध होणार असल्याची कल्पना असावी.

विचारणा एकदाच, त्याच दिवशी दुपारी, आणि ती ‘लागणार का?’ अशी नसावी. ‘पत्रक मिळाले का, काही अधिक माहिती हवी आहे का?’ एवढे विचारून थांबावे. मिठाईचा डबा किंवा भेटवस्तू पत्रकासोबत पाठवू नये. बातमी छापून आली आणि तिच्यात आकडा किंवा नाव चुकले असेल, तर त्याच सकाळी बातमीदाराला लेखी कळवावे : पान क्रमांक, छापलेले वाक्य आणि योग्य वाक्य, इतकेच. मथळा आपल्या मनासारखा नाही, किंवा प्रतिस्पर्ध्याचाही उल्लेख आला, ही दुरुस्तीची कारणे नव्हेत. आपणच दिलेला आकडा चुकीचा होता असे नंतर लक्षात आले, तर ज्या ज्या दैनिकांना पत्रक गेले होते त्या सर्वांना, त्यांनी ते छापले असो वा नसो, सुधारित पत्रक ‘दुरुस्ती’ असे लिहून पाठवावे आणि आपल्या संकेतस्थळावरील मजकूरही त्याच दिवशी बदलावा.